विश्लेषण : स्पोर्ट्स कार, आणि लिटरला ४७ किलोमीटर? ‘प्लग-इन हायब्रीड’च्या आकड्यांमागचे गणित

फेब्रुवारी २०१५ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते एका मोटारीचे भारतात अनावरण झाले. पंख उघडावेत तसे वर जाणारे दरवाजे, जमिनीलगत बसलेली ठेवण आणि शोरूममधील किंमत दोन कोटी २९ लाख रुपये. ही बीएमडब्ल्यूची आय-८. किमतीइतकाच तेव्हा आणखी एक आकडा गाजला : एका लिटरमध्ये ४७ किलोमीटर. शंभर किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांच्या आत गाठणारी गाडी आणि मायलेज मात्र कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या दुचाकीचे, हे ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या.

आकडा खोटा नव्हता. तो युरोपातील अधिकृत चाचणीतूनच आला होता. तरीही तो भरवशाचा नव्हता. आय-८चे उत्पादन जून २०२० मध्ये थांबले, मात्र त्या आकड्यामागची पद्धत पुढेही चालू राहिली. आज हायब्रीड गाड्यांना करसवलत द्यावी की नाही, याची चर्चा आपल्याकडे सुरू असताना ती पद्धत समजून घेणे गरजेचे आहे, कारण सवलत अखेर लोकांच्या पैशातून जाते.

गाडी नेमकी होती कशी?

साध्या हायब्रीड गाडीत बॅटरी लहान असते आणि ती गाडी चालतानाच, ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून किंवा इंजिनाकडून, भरली जाते. प्लग-इन हायब्रीडमध्ये बॅटरी त्यापेक्षा मोठी असते आणि ती मोबाइलसारखी भिंतीवरच्या सॉकेटला जोडून भरता येते. बॅटरी भरलेली असेल तोवर गाडी निव्वळ विजेवर धावू शकते. ती संपली की पेट्रोल इंजिन आहेच.

आय-८ने हे तंत्र दोन दरवाजांच्या कूपेमध्ये आणले आणि तेही वेगळ्याच पद्धतीने. पुढच्या चाकांना १३१ अश्वशक्तीची विजेची मोटर आणि मागच्या चाकांना दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे, २३१ अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन. दोन्ही मिळून ३६२ अश्वशक्ती. हे इंजिन मिनी कूपरमधल्या छोट्या इंजिनाच्या घराण्यातले. सव्वादोन कोटींच्या गाडीत तीन सिलिंडर, यावर तेव्हा नाके मुरडली गेली. इंजिनाचा आवाजही पुरेसा दमदार वाटेना, म्हणून गाडीतल्या स्पीकरमधून तो भारदस्त करून ऐकवण्याची सोय करावी लागली. त्याच इंजिन-मोटर जोडीला २०१५ मध्ये ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला, हेही नोंदवायला हवे.

गाडीचे खरे वैशिष्ट्य होते ते वजनात. प्रवासी बसतात तो सांगाडा कार्बन फायबरचा आणि त्याखालची चौकट अ‍ॅल्युमिनियमची. कार्बन फायबरचा धागा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक येथे जलविद्युतवर तयार होई आणि गाडी जुळवली जाई ती जर्मनीतील लाइपझिगच्या कारखान्यात. बॅटरी, मोटर, इंजिन असा सगळा संसार घेऊनही गाडीचे वजन १,४८५ किलो राहिले. टायरही अशा गाड्यांच्या मानाने अरुंद, पुढचे १९५ आणि मागचे २१५ मिलिमीटर रुंदीचे. वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध कमी व्हावा, यासाठी हा खटाटोप. लेझर किरणांवर चालणारे, ६०० मीटरपर्यंत उजेड फेकणारे हेडलाइट हे त्या काळचे मोठे नवल. मागच्या दोन जागा मात्र लहान मुलांपुरत्या आणि डिकी १५४ लिटरची, म्हणजे दोन हातबॅगा ठेवल्या की संपली.

थोडक्यात, अभियांत्रिकी प्रामाणिक होती. वजन कमी करून ऊर्जा वाचवण्याचा विचार त्या गाडीच्या हाडामासात होता. घोटाळा होता तो मोजपट्टीत.

मग ४७ किलोमीटर आले कुठून?

युरोपात त्या वेळी एनईडीसी नावाची चाचणी होती. प्लग-इन हायब्रीडसाठी ती दोनदा घेतली जाई. एकदा बॅटरी पूर्ण भरून, एकदा पूर्ण रिकामी करून. मग दोन्ही निकालांची एका सूत्राने सरासरी काढली जाई. त्या सूत्रात एक गृहीतक होते : बॅटरी संपल्यानंतर गाडी पेट्रोलवर फक्त २५ किलोमीटर चालेल आणि मालक ती पुन्हा सॉकेटला जोडेल.

आय-८ या चाचणीत विजेवर ३७ किलोमीटर धावली. म्हणजे सूत्राच्या दृष्टीने तिचा प्रवास ३७ अधिक २५, असा ६२ किलोमीटरचा. पहिल्या ३७ किलोमीटरला पेट्रोल शून्य. उरलेल्या २५ किलोमीटरला साधारण १.३ लिटर. आता हे १.३ लिटर ६२ किलोमीटरवर वाटा. शंभर किलोमीटरला २.१ लिटर येते, म्हणजेच लिटरला ४७ किलोमीटरहून थोडे जास्त. कार्बन डायऑक्साइड किलोमीटरमागे अवघा ४९ ग्रॅम.

हिशेबात चूक नाही. पण त्यातली वीज फुकट धरलेली आहे. ती कुठून आली, किती लागली, याला सूत्रात जागाच नाही. शिवाय ६२ किलोमीटर झाले की मालक घरी पोहोचलेला आहे आणि प्लग हातात घेऊन उभा आहे, असेही धरलेले आहे. तोच मालक मुंबईहून पुण्याला निघाला, तर लोणावळ्याच्या बऱ्याच आधी हे सूत्र निकालात निघते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हीच गाडी आपल्या पद्धतीने मोजली. तिथे विजेवरचा पल्ला निघाला १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. बॅटरी संपल्यावरचे पेट्रोलचे मायलेज २८ मैल प्रति गॅलन, आपल्या भाषेत लिटरला साधारण १२ किलोमीटर. गाडी तीच, बॅटरी तीच. एका खंडात ४७ आणि दुसऱ्या खंडात १२! अमेरिकेने विजेचा आणि पेट्रोलचा आकडा वेगवेगळा छापला, हा मोठा फरक. ग्राहकाला आपल्या रोजच्या फेऱ्यांनुसार हिशेब करता आला. युरोपने दोन्हींची मोट बांधून एकच देखणा आकडा दिला.

या देखण्या आकड्याचा फायदा कोणाला?

गाडी घेणाऱ्याला थोडा, गाडी बनवणाऱ्याला बराच. युरोपीय संघात प्रत्येक कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनावर मर्यादा असते. २०१५ साठी संपूर्ण उद्योगाचे लक्ष्य किलोमीटरमागे १३० ग्रॅम होते. ५० ग्रॅमपेक्षा कमी उत्सर्जनाच्या गाडीला त्या वर्षांत खास बक्षीस मिळे : अशी एक गाडी २०१४ मध्ये अडीच गाड्यांइतकी आणि २०१५ मध्ये दीड गाडीइतकी मोजली जाई. आय-८चा आकडा ४९ होता, ५० च्या उंबरठ्याच्या अगदी आत.

याचा ढोबळ अर्थ असा. समजा, कंपनीचे लक्ष्य १३० ग्रॅमचे आहे आणि तिच्या मोठ्या एसयूव्हीचे उत्सर्जन २०० ग्रॅम. प्रत्येक एसयूव्ही लक्ष्याच्या ७० ग्रॅम वर जाते. ४९ ग्रॅमची एक गाडी लक्ष्याच्या ८१ ग्रॅम खाली असते आणि ती अडीच वेळा मोजली की २०० ग्रॅमहून अधिक ‘बचत’ कागदावर जमा होते. म्हणजे अशी एक कूपे विकली की जवळपास तीन एसयूव्ही झाकल्या जातात. ती कूपे मालकाने कधी सॉकेटला जोडली की नाही, हे कोणी विचारतच नव्हते.

ब्रिटनमध्ये तर सरकारी तिजोरीतून थेट पाच हजार पौंडांचे अनुदान अशा गाड्यांना मिळे. जवळपास एक लाख पौंडांची स्पोर्ट्स कार घेणाऱ्यालाही! २०१६ मध्ये तिथल्या सरकारने ६० हजार पौंडांवरील प्लग-इन हायब्रीड या अनुदानातून वगळल्या. शहाणपण आले, पण त्याआधी करदात्यांचे पैसे देऊन झाले होते.

नाव एक, गाड्या भलत्याच वेगळ्या

‘प्लग-इन हायब्रीड कूपे’ या एका नावाखाली आय-८ नंतर काय काय आले, ते पाहण्यासारखे आहे.

चीनमधील चेंगडू येथे बनलेली पोलस्टार-१ ही २०१९ ते २०२१ या काळात जेमतेम दीड हजार तयार झाली. तिच्यात ३४ युनिट वीज साठवणारी बॅटरी होती आणि युरोपच्या नव्या, अधिक कडक चाचणीतही ती विजेवर १२४ किलोमीटर धावली. ही गाडी रोज शहरात वापरणारा माणूस आठवडेच्या आठवडे पेट्रोल पंपाकडे फिरकला नसता.

दुसरे टोक मर्सिडीज-एएमजी जीटी ६३ एस ई परफॉर्मन्सचे. चार दरवाजांची ही कूपे एप्रिल २०२३ मध्ये तीन कोटी ३० लाख रुपयांना भारतात आली. अश्वशक्ती ८४३, बॅटरी अवघी ६.१ युनिटांची आणि विजेवरचा पल्ला १२ किलोमीटर. दादरहून अंधेरीला पोहोचेपर्यंत संपेल इतका. इथे बॅटरी पेट्रोल वाचवण्यासाठी नाहीच, ती अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पाठीत धक्का बसावा यासाठी आहे. कंपनीनेही ते लपवलेले नाही, फॉर्म्युला वनच्या तंत्राचेच नाव पुढे केले आहे. त्यामुळे तिच्यावर ढोंगाचा आरोप करता येत नाही. मात्र पोलस्टारला आणि तिला एकाच सरकारी रकान्यात बसवणे हास्यास्पद आहे.

तिसरी बेंटलीची नवी कॉन्टिनेंटल जीटी स्पीड, जून २०२४ मध्ये सादर झालेली. बारा सिलिंडरचे इंजिन निवृत्त करून तिला आठ सिलिंडरचे इंजिन आणि विजेची मोटर दिली गेली. एकत्रित ताकद ७८२ अश्वशक्ती, विजेवरचा अधिकृत पल्ला ८१ किलोमीटर, वजन २,४५९ किलो. आय-८पेक्षा जवळपास एक टन जास्त. आणि अधिकृत कार्बन उत्सर्जन? किलोमीटरमागे २९ ग्रॅम. अडीच टनांची, ताशी ३३५ किलोमीटर वेगाची ही गाडी कागदावर आय-८पेक्षाही ‘स्वच्छ’ आहे. जितकी मोठी बॅटरी, तितका मोठा वाटा विजेचा धरायचा आणि वीज पुन्हा शून्य मोजायची, या पद्धतीचे हे फलित. दहा वर्षांपूर्वी वजन घटवण्यासाठी कार्बन फायबर विणणाऱ्या अभियंत्यांना हे पाहून काय वाटत असेल?

रस्त्यावर प्रत्यक्षात काय घडते?

याचे उत्तर आता अंदाजाने देण्याची गरज उरलेली नाही. युरोपात जानेवारी २०२१ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांत इंधनाचा आणि विजेचा प्रत्यक्ष वापर नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नोंदींवर आधारित अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. प्लग-इन हायब्रीड गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतला फरक सुमारे २० टक्क्यांचा होता.

कारण सरळ आहे. लोक सूत्रात धरले आहे तितक्या वेळा गाडी सॉकेटला जोडत नाहीत. त्यातही ज्यांना गाडी आणि पेट्रोल दोन्ही कंपनीकडून मिळते, त्यांना घरी स्वतःच्या मीटरवर वीज का जाळावीशी वाटेल? आयोगाने आता ते गृहीतक टप्प्याटप्प्याने कडक करायला घेतले आहे. २०२५ पासून नव्या मॉडेलना ते लागू होऊ लागले असून पुढच्या टप्प्यात कागदावरचे उत्सर्जन आणखी वाढणार आहे. यंत्र तेच राहील, फक्त त्याचे प्रगतिपुस्तक खरे होईल.

आपली वीज या हिशेबात कुठे बसते?

भारतातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण निम्म्याहून बरीच जास्त वीज कोळशाची आहे. आय-८च्या बॅटरीत वापरता येणारी वीज पाच युनिटांहून थोडी अधिक. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर सहा-साडेसहा युनिट पडतील. अमेरिकी मोजणीप्रमाणे त्यात २४ किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटरमागे १८० ते १९० ग्रॅम.

आता पेट्रोल. एक लिटर जळाले की सुमारे २,३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १२ किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे १९० ग्रॅमच्या घरात. जवळपास बरोबरी! पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्च मिळवला किंवा युरोपचा ३७ किलोमीटरचा पल्ला मानला, तर विजेचे पारडे बरेच खाली झुकते, हे खरे. पण ‘विजेवर चालते म्हणजे प्रदूषण शून्य’ या समजाला इथे जागा नाही. वरळीत धूर निघत नाही, तो चंद्रपुरात निघतो. सोसायटीच्या छतावर सौर पॅनेल असेल आणि गाडी दुपारी भरली जात असेल, तर मात्र सगळे गणित बदलते.

ही तुलना एका जुन्या स्पोर्ट्स कारची आहे, हे विसरू नये. छोटी, हलकी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर सहज जाते आणि आजच्या कोळशाच्या विजेवरही पेट्रोल गाडीच्या पुढे राहते.

आपल्याकडे कर कसा आहे आणि कसा असावा?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलण्यापूर्वी मोठ्या हायब्रीड गाडीवर उपकरासह ४३ टक्के कर होता आणि मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर ५० टक्के. आता दोन्हींवर सरसकट ४० टक्के आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवर, ती दहा लाखांची असो वा दोन कोटींची, पाच टक्के. म्हणजे आलिशान गाड्यांच्या वर्गात साधे पेट्रोल इंजिन आणि प्लग-इन हायब्रीड यांत जीएसटी आज कोणताही भेद करत नाही.

राज्यांचे सूर वेगवेगळे आहेत. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीड आणि प्लग-इन हायब्रीड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला होता. महाराष्ट्राने भर पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांवर ठेवला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. दोन-तीन कोटींची इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्याला टोलमाफी कशासाठी, हा प्रश्न वेगळा. तो विचारला गेला पाहिजे, पण निदान त्या गाडीत पेट्रोलची टाकी नसते, याची खात्री असते.

प्लग-इन हायब्रीडबाबत ती खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून नावाकडे पाहून सवलत देणे चुकीचे आहे, मग ती आलिशान कूपे असो की मध्यमवर्गाची हॅचबॅक. वाहन उद्योगाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. चार्जिंगची केंद्रे विरळ आहेत, नाशिक-धुळ्यापलीकडे निघाले की धाकधूक होते, अशा वेळी दोन्ही इंधनांची गाडी हा व्यवहार्य मधला मार्ग आहे, असे सांगितले जाते. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या आणि महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या कुटुंबासाठी ते खरेही आहे. फक्त ते कुटुंब रात्री प्लग लावते की नाही, यावर सगळे अवलंबून. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत पार्किंगमध्ये सॉकेट घ्यायचे म्हटले की सर्वसाधारण सभेत वर्षभर चर्चा चालते. तिथे बॅटरी हे नुसते वाहून न्यायचे ओझे ठरते.

त्यावर उपाय अवघड नाही. सवलत द्यायचीच असेल, तर खरेदीच्या दिवशी देऊ नये. गाडीतली यंत्रणा किती किलोमीटर विजेवर झाले आणि किती लिटर पेट्रोल जळले, हे नोंदवू शकते. पीयूसी काढताना ते वाचून घ्यावे आणि वर्षाच्या शेवटी विजेवरच्या किलोमीटरच्या प्रमाणात नोंदणी कराचा काही भाग परत करावा. शिवाय विजेवरचा किमान पल्ला ठरवावा. बारा किलोमीटरच्या गाडीला त्यात थारा नको.

गाडी घेणाऱ्याने काय विचारावे?

माहितीपत्रकावरचा एकत्रित मायलेजचा आकडा बाजूला ठेवावा आणि विक्रेत्याला दोनच आकडे विचारावेत : विजेवर किती किलोमीटर आणि बॅटरी रिकामी असताना लिटरला किती. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेकदा थोडी शांतता पसरते. जुनी प्लग-इन गाडी घेणाऱ्याने बॅटरी पूर्ण भरून स्वतः चालवून पाहावी, कारण काही वर्षांत पल्ला घटतो आणि मुळातच २५-३० किलोमीटर असलेल्या गाडीत पाच-सात किलोमीटरची घट जाणवण्यासारखी असते. आय-८लाही २०१८ मध्ये ७.१ ऐवजी ११.६ युनिटांची बॅटरी देण्यात आली आणि अधिकृत पल्ला ५५ किलोमीटरवर गेला. त्यामुळे जुन्या बाजारात या नावाची गाडी दिसली, तर ती २०१८ च्या आधीची की नंतरची, हे दरवाजे उघडून पाहण्याच्या आधी विचारायला हवे.